कागदानं बोथट झालेली कात्री

मी कात्री आहे. केस कापायची नाजूक नव्हे, अन् शाळेच्या दप्तरातली तर मुळीच नव्हे. टेबलावर पसरलेलं कापड कचाकच कापत जाणारी, काळ्या मुठीची, वजनदार. सोलापुरात भवानी पेठेतल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात सध्या माझा मुक्काम आहे.

जन्म माझा मेरठचा, पण कळायला लागलं ते इथंच. वीरभद्रप्पा मास्तरांनी मला दुकानात हातात घेतलं, हवेत दोनदा चालवलं आणि कान देऊन आवाज ऐकला. "हीच द्या," म्हणाले. एवढ्या कात्र्यांतून माझी निवड झाली, याचा तोरा मी पुढं बरीच वर्षं मिरवला.

मास्तर म्हणजे कटिंग मास्तर. राजशेखरअण्णांच्या कारखान्यात शाळांचे शर्ट, फ्रॉक, हाफपँट शिवले जायचे. आखायचं मास्तरांनी, कापायचं मी. त्यांचा नियम एकच, कात्री फक्त कापडाला लागेल. कागद कापला की धार जाते, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक. कुणी पुडी फोडायला मला हात लावला, तर मास्तर दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

त्यांची सून महेश्वरी त्याच कारखान्यात धागे तोडायला बसायची. हात धाग्यावर, नजर मात्र कटिंगच्या टेबलावर. तिला कापायला शिकायचं होतं. पण हंगामात मास्तरांना मान वर करायला सवड नसे, आणि टेबलापाशी बाईमाणसाचं काय काम, असं म्हणणारंही कुणीतरी असायचंच.

मग कोरोना आला. शाळाच बंद, तर युनिफॉर्म कुणाला हवेत? कारखान्याला कुलूप लागलं. मास्तरांनी मला तेल लावलं, फडक्यात गुंडाळलं आणि घरी आणून कपाटात ठेवलं. स्वतः खाटेवर पडून छताकडे बघत राहायचे. मीही पडूनच होते. फरक एवढाच की मला भूक लागत नव्हती.

महेश्वरी हात बांधून बसणाऱ्यांतली नव्हती. एका दुपारी तिनं फडकं सोडलं, रद्दी पसरली आणि मला थेट वर्तमानपत्रावर चालवलं. काय सांगू, अंगावर काटा आला माझ्या.

आवाज ऐकून मास्तर तरातरा बाहेर आले. "कागदावर कात्री? धार मेली की तिची."

महेश्वरीनं मान वर केली नाही. "धार परत लावता येती, मामा. शिकायला एवढा येळ परत कुटनं आनू?"

मास्तर पाठ फिरवून आत गेले. आता या घरात अबोला सुरू होणार, असं मी धरून चालले.

कापलेले कागद खळीनं चिकटवून तिनं पहिला शर्ट केला आणि लेकीला घातला, तर पुढच्या बाजू जुळेनात. अंगाचं माप घेतलं आणि नेमकं तेवढंच कापलं, शिलाईसाठी कडेला जागा सोडलीच नाही. लेक हसली, शेजारणी हसल्या. तेवढ्यात आतून मास्तरांचा आवाज आला, "माया कुटं सोडलीस? आन बाहीचा मुंढा लई खोल गेलाय. पोरीला हात वर करता येनार न्हाय." बोलत बोलत ते सुनेशेजारी येऊन बसलेसुद्धा.

मग काय, त्या घरात कपड्यांच्या दोरीवर कागदी शर्ट लटकायला लागले. मी पार बोथट झाले. पण खरं सांगते, इतक्या जिद्दीनं मला आजवर कुणी चालवलं नव्हतं. मला तिचं फार कौतुक वाटायचं.

शाळा उघडल्या तसं अण्णांकडे काम कोसळलं. आणि नेमका मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. टेबलावर कापडाचे थर अंथरलेले, खडूची रेघ त्यांना धूसर दिसायची. वळण चुकलं तर सगळे थर वाया, शाळेचं काम हातचं जाणार, आणि मास्तरांची कारखान्यातली जागाही. अण्णा बाहेरून कारागीर आणायच्या बेतात होते.

"रेघ मला दिसंना, अण्णा," मास्तर म्हणाले. "हिला दिसती. हिला कापू द्या."

"आन बिघडलं तर?"

"तर माज्या नावावर. हिचा हात मी लई बघितलाय."

धारवाल्याकडून मी आदल्या दिवशीच आले होते. पदराला हात पुसून महेश्वरीनं पहिला काप घेतला. मुंढ्याच्या वळणावर मास्तरांनी माझ्या आवाजाकडे कान दिला. धार माझी असेल, पण वळवत होती तीच. त्या थरांतला पहिला शर्ट शिवून आला, तेव्हा अण्णांनी तो उलटासुलटा करून पाहिला, खांद्याला खांदा जुळवला आणि म्हणाले, "उरलेलं बी हिच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

आज कारखान्यात कटिंग मास्तर म्हणतात ते महेश्वरीला. ती विजेचं कटिंग मशीन चालवते. धार लावून लावून माझी पाती झिजली, टोकं जुळत नाहीत. येत्या खंडेनवमीला मला पूजेत मांडायचं आणि मग कायमचं देव्हाऱ्यात ठेवायचं, असं मास्तरांच्या मनात आहे. मला ते पटलेलं नाही.

कारण सध्या पुन्हा काम मंद आहे. काज-बटणाला बसणारी निंगव्वा, पन्नाशी उलटलेली, परवा नुसतीच बसून होती. महेश्वरीनं तिच्यापुढं रद्दी पसरली आणि मला ठेवलं.

"या वयात मला काय जमतंय गं?" निंगव्वा म्हणाली.

"रिकाम्याच बसलायसा की, अक्का. बगा तरी."

तेव्हा निंगव्वा, भिऊ नकोस. टोकाशी मी कागद थोडा चावेन, तेवढं सांभाळून घे. माझ्या धारेची काळजी करत हात आखडू नकोस, ती गेली तर जाऊ दे. अंगठा घाल, आणि जरा जोरानं दाब.