पावावरची पुट्टी

होय, मीच बोलतेय. ड्रॉवरमध्ये चमच्यांच्या खाली आडवी पडलेली बोथट सुरी. सुरी म्हटलं की लोक दचकतात, पण मला घाबरायचं काही कारण नाही. आमच्या घराण्यात धार कोणालाच नाही. लोणी लावणं हा आमचा पिढीजात धंदा. माणसांना नव्हे, पावाला.

पोलादाच्या पत्र्यातून ठप्पकन माझा जन्म झाला आणि बहिणींबरोबर एका खोक्यात बसून मी या घरी आले. एकीने स्क्रू पिळता पिळता मान मोडून घेतली. दुसरी भाजीच्या सालांबरोबर कचऱ्यात गेली. तिसरी शेजारणीने "आत्ता आणून देते हं" म्हणून नेली, ती अजून आणून देतेच आहे. बाकीच्या कुठे गेल्या, कोण जाणे. उरले ती मी.

घरधनी गवंडी, तोही गिलाव्यातला. त्याने हात फिरवलेल्या भिंतीपुढे दोरीला लटकलेला ओळंबासुद्धा मान खाली घालायचा. सकाळी कामावर निघण्याआधी तो पाव भाजायचा आणि मला उचलायचा. "चल गं थापी," म्हणायचा. आधी कडा, मग कोपरे, मधलं पोट शेवटी. लोणी असं गुळगुळीत बसायचं की शेजारी त्यात बघून भांग पाडून जायचा. खोटं वाटत असेल तर त्यालाच विचारा. आता त्याला टक्कल पडलंय, तो भाग वेगळा. एकदा एक माशी त्या लोण्यावर उतरली, ती घसरत घसरत थेट खिडकीबाहेर जाऊन पडली.

असे आमचे भरभराटीचे दिवस होते.

मग एके दिवशी बांबूच्या परांचीवर काम करता करता तो मटकन खाली बसला. हृदय थकलंय, असं निघालं. डॉक्टरीणबाईंनी मीठ कमी केलं आणि तेल, तूप, लोणी सगळंच बंद केलं.

त्याची बायको शिवणकाम करणारी. कापड एकदा बेतलं की ती मागे फिरत नाही. त्याच दिवशी तिने लोण्याची वडी कागदासकट शेजारणीला देऊन टाकली आणि दुसऱ्या सकाळपासून माझ्या पात्यावर नवीच दुनिया चढू लागली. शिजवून ठेचलेला पांढरा राजमा, वर लिंबू आणि मिरपूड. वाटलेला मटार आणि पुदिना. किसलेलं उकडलेलं बीट. टोमॅटो आणि काकडी. लाल भोपळ्याचा गर. तेलाचा थेंब नाही की लोण्याचा वास नाही. खरं सांगू? मला आधी शरमच वाटली. उभा जन्म लोण्यात लोळलेली मी, आणि आता भोपळ्यात!

गवंडी तर रोज सकाळी तोंडाचा पट्टा सोडायचा.

"हे काय? पुट्टी लावलीस पावाला?"

"राजमा आहे. खा मुकाट्याने."

"अगं, मी आयुष्यभर हीच भिंतीला लावली. कधी चाटून नाही बघितली."

"भिंती अजून उभ्या आहेत ना? मग खा."

मटार असला की तो म्हणायचा, "हे शेवाळ कोणाच्या टाकीतून खरवडून आणलंस?" बीट असलं की म्हणायचा, "पोलिसांना बोलवा, इथे खून झालाय." आणि शेवटी ठरलेलं: "एवढंसं लोणी दे गं. मुंगीच्या नाकाला लावण्यापुरतं."

"मुंगीला पाठवा, तिला देते. तुम्हाला नाही."

तो तोंड वेडंवाकडं करून सगळं खायचा. ती रिकामी ताटली त्यांच्या मुलीपुढे नाचवायची. "बघ, संपवलं! पायांची सूजही उतरलीय." कधी ती खरंच उतरलेली असायची. मग तिला हुरूप यायचा, भोपळ्यात जिऱ्याची पूड पडायची, काकडीचे काप फुलासारखे मांडले जायचे. पण सूज परत चढायची. अर्धा पाव ताटलीत राहायला लागला. मग पाऊण.

एकदा तपासणीहून आल्यावर मुलीने आईला स्वयंपाकघरात गाठलं. मी बेसिनमध्ये फेसात बुडालेली होते, पण मला सगळं ऐकू आलं.

"आई, डॉक्टरीणबाईंनी मला बाहेर बोलावून सांगितलं. आता पथ्याचा काही उपयोग नाही. बाबा मागतील ते द्या म्हणाल्या."

नळ वाहत राहिला. आई म्हणाली, "मग उद्यापासून सकाळी मी काय करू?"

"त्यांना लोणी दे. किती दिवस मागतायत."

"लोणी दिलं की त्यांना कळेल."

"अगं, पण..."

"कळता कामा नये. बस."

दुसऱ्या सकाळी पुन्हा राजमाच. मुलगी लोणी घेऊन आली, आईने ते फ्रीजच्या तळाशी कोबीच्या मागे लपवलं. गवंडी रोज मागायचा, ती रोज नाही म्हणायची. फक्त राजमा आता कोपऱ्यांपर्यंत पोचायचा नाही.

मग एका सकाळी त्याने अंथरुणातच एक घास खाऊन मान भिंतीकडे फिरवली. बोलला काहीच नाही. ना पुट्टी, ना शेवाळ. त्या गप्प बसण्याने ती खचली. ताटली उचलून आत आली, नवा पाव भाजला, कोबी बाजूला सारला आणि मला लोण्यात खुपसलं.

मला जुनं सुख आठवायला हवं होतं. नाही आठवलं.

तिने ताटली माझ्यासकट त्याच्यापुढे ठेवली. त्याने वास घेतला, पावाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"असं आहे होय," तो म्हणाला.

"अहो, तुम्हीच तर मागत होतात!"

"तू नाही म्हणायचीस म्हणून मागत होतो."

तिने ताटली त्याच्याकडे सरकवली.

"हे काढ," तो म्हणाला. "मला माझी पुट्टी दे."

ती मला घेऊन तिथेच खरवडायला बसली. पण गरम पावात मुरलेलं लोणी खरवडून निघतं होय? पावाचा चुरा निघाला, लोणी तिथेच राहिलं. तो शांतपणे म्हणाला, "राहू दे गं. पाव फाटेल," आणि तिच्या हातातून मला काढून घेतलं. फार दिवसांनी त्याचा हात. पण त्यात मला पेलायचंही बळ नव्हतं. मी चादरीवर पडले, तेलकट डाग पडला.

दुसऱ्या दिवशी त्याने पुन्हा लोणी मागितलं. मुंगीच्या नाकाचा विषयसुद्धा काढला. तिनेही तोऱ्यात नाही म्हटलं. मुलगी दारात उभी होती. ती हसली नाही, कारण दोघंही एकमेकांकडे न बघता बोलत होती. असं काही सकाळी चाललं. मग मागणारा राहिला नाही.

आता ती सकाळी बेसिनपाशी उभ्यानेच कोरडा पाव खाते. कोरड्या पावाला सुरी लागत नाही. लोण्याची वडी कोबीच्या मागे तशीच आहे. कोबी दोनदा बदलला, ती नाही. मी इथे चमच्यांखाली रबरबँड आणि संपलेल्या बॅटऱ्यांच्या सोबतीला पडून आहे. माझ्या थापा ऐकायलाही कोणी नाही.

निरोप घेताना आमच्यासारख्या बोलक्या वस्तूंनी काहीतरी मागायचं असतं. मला घासूनपुसून ठेवा, टाकून देऊ नका, असलं काही. पण मागितलेलं ताटलीत येऊन पडतं तेव्हा काय होतं, ते मी जवळून पाहिलंय. मी काही मागत नाही.