एस्पेरार

"ऐकलंस ना? 'आशा' म्हणाला तो. माझ्या या कानांनी ऐकलं," असं म्हणत साफ्तामावशींनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की हातातला मॉप खाली पडला.

डॉक्टर फेरान तसं काही म्हणाले नव्हते. ते म्हणाले होते, "एस्पेरार." आता वाट पाहायची, एवढंच. स्पेनमधल्या कास्तेयॉनच्या या इस्पितळात मी कित्येक वर्षं फरशा पुसते आहे. आमच्या रोमानियातलं कुणी आलं की वॉर्डातून हाक येते, "रोदिका, जरा बोल गं यांच्याशी." मग ओल्या हातांनीच मी दुभाषी होते.

साफ्तामावशी आदल्याच दिवशी बसमधून उतरल्या होत्या. त्यांचा मुलगा लिविउ संत्र्यांच्या वखारीत शिडीवरून पडला होता. डोक्याला मार, श्वास यंत्रावर. डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं मी आमच्या भाषेत सांगितलं, की मेंदूला फार सूज आहे, शुद्धीवर येईलसं वाटत नाही. ते मावशींनी मुकाट्याने ऐकलं. उजळल्या त्या शेवटच्या शब्दाला, कारण तो त्यांना माझ्याविना कळला. आमच्याकडे 'स्पेरा' म्हणजे आशा धरणं. दोन्ही भाषा एकाच आईच्या लेकी म्हणे. पण लेकी सासरी गेल्या की कुठे तशाच राहतात?

"मावशी, इथं त्याचा अर्थ वाट बघणं. थांबून बघू, असं म्हणाले ते."

"बरं. मग आशेला काय म्हणतात इथं?"

खोटं बोलायला मला कधी जमलं नाही. "तेसुद्धा... एस्पेरार."

"मग झालं तर."

"अहो, दोन्हीला एकच शब्द आहे यांच्याकडे. पण डॉक्टर ज्या सुरात म्हणाले..."

"सूर नको शिकवूस मला. परमुलखात राहून तुझी भाषा गंजली, बाई."

मग त्यांनी पिशवीतून घरच्या प्लमच्या दारूची बाटली काढली आणि डॉक्टरांपुढे धरली. आमच्या गावाकडे डॉक्टरने भेट घेतली नाही, तर घरचे काय ते समजतात आणि परत जाऊन मयताच्या नैवेद्यासाठी गहू भिजत घालतात. डॉक्टर फेरान आधी नाहीच म्हणाले. मी मनात म्हटलं, बरं झालं, निदान हे तरी कळेल त्यांना. पण म्हातारी बाटली मागे घेईना, ते पाहून त्या भल्या माणसाला राहवलं नाही. त्यांनी बाटली घेतली, वर छातीवर हात ठेवून आभारही मानले.

"बघ," मावशी म्हणाल्या. "आशा नसती तर घेतली असती का?"

कपाळाला हात लावायची वेळ आली.

पुढे तर सगळं इस्पितळच त्यांच्या बाजूने झालं. लिफ्टपाशी शिपाई म्हणाला, "एस्पेरे." औषधांच्या खिडकीवरची मुलगी म्हणाली, "एस्पेरे." कॉफी देणारासुद्धा तेच म्हणाला. मावशी प्रत्येकाला मान लववून आशीर्वाद द्यायच्या. "किती चांगली माणसं गं. जो तो धीर देतोय."

"अहो, ते थांबा म्हणतायत. रांग आहे ना."

"तुझं आपलं काहीतरीच."

शेवटी मीच डॉक्टरांना गाठलं. म्हटलं, दुसऱ्या शब्दांत सांगा, पण तो शब्द वापरू नका. ते आले, मावशींच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात हातात घेऊन म्हणाले, "आमच्या हातात आता काही उरलेलं नाही." मी ते शब्दाला शब्द लावून सांगितलं.

"ते देवाच्या हातात असतं, हे मलाही ठाऊक आहे," मावशी म्हणाल्या. "पण या डॉक्टरने माझा हात कसा धरलाय बघ. असा कोण धरतो?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोन भाषा पदरी होत्या माझ्या, पण त्यांतला एकही शब्द कामाचा नव्हता. इतकं लाचार मला परक्या देशात आले त्या पहिल्या दिवशीही वाटलं नव्हतं.

लिविउ दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. मला हाक आली, पण मी पोचेपर्यंत सांगण्यासारखं काही राहिलं नव्हतं. डॉक्टर दारातून बाहेर येऊन उभे होते, डोक्यावरची टोपी हातात होती. मावशींनी त्यांचा चेहरा पाहिला आणि त्या खाली बसल्या. रडल्या नाहीत. मी पाठीवर हात ठेवला, तो तसाच राहू दिला त्यांनी.

दुपारी कागदांसाठी आम्ही खालच्या खिडकीशी गेलो. आतल्या बाईने लिविउचं नाव वाचलं, मग मावशींकडे पाहिलं. तिचा आवाज हळू झाला. "एस्पेरे, सेन्योरा."

मावशी माझ्याकडे वळल्या. "काय म्हणाली ती?"

"थांबा म्हणाली."

"नुसतंच थांबा?"

"हो, मावशी. नुसतंच."

त्यांनी मान हलवली. बाकावर सरकून मला जागा केली, आणि आम्ही दोघी थांबलो.