दोन झोतांमधली सात मिनिटं

भाची नव्या मेट्रोची पूल-इंजिनियर होती आणि मामा जुन्या रेल्वेचे क्रेनवाले. दोघांचं बोलणं दोन वर्षं बंद होतं. मेट्रोच्या डेपोसाठी जी जागा गेली तिच्यात रेल्वेच्या क्वार्टर्सची एक रांग होती, आणि त्या रांगेतल्या तिसऱ्या घरात मामा लहानाचे मोठे झाले होते. घर पाडलं त्या दिवसापासून त्यांनी बहिणीकडे येणं-जाणंच सोडलं.

आणि मेट्रोचं घोडं अडलं ते नेमकं मामांच्या लाईनवर. नवा मार्ग जुने रूळ वरून ओलांडणार होता. तिथे दोन्ही बाजूंना सॉफ्टवेअर कंपन्यांच्या काचेच्या इमारती, आणि रस्त्याच्या खाली तीन मजली पार्किंग. पुलाचा अठ्ठेचाळीस टनांचा गर्डर उचलेल एवढी मोठी क्रेन रस्त्यावर उभी केली असती, तर ती सरळ खालच्या गाड्यांच्या टपावर जाऊन बसली असती. मग उरली रुळांवरून चालणारी, रेल्वेची स्वतःची क्रेन. ती सफाईने चालवणारा माणूस सगळ्या विभागात एकच होता.

भाची शेडमध्ये गेली तेव्हा मामा क्रेनच्या तारेला ग्रीस लावत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"साहेबांचं पत्र आणलं असशील."

"आणलंय. पण आधी तुम्हाला विचारायला आले."

मामांनी डब्यातून आणखी ग्रीस घेतलं. मग म्हणाले, "गर्डरचा तोल कुठे आहे?"

"मध्यापासून चाळीस सेंटिमीटर उजवीकडे."

"मोजलास, की कागदावर बघितलास?"

"कागदावर."

"मोजून ये. मग बोलू."

तिला राग आला, पण ती गेली. गर्डर दोन्ही टोकांना जॅकवर घेऊन वजन केलं. तोल पंचावन्न सेंटिमीटरवर निघाला. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन तिने तो आकडा सांगितला, तेव्हा मामांनी चिंधीला हात पुसले आणि विचारलं, "ब्लॉक किती तासांचा देतायत?"

रविवारी सकाळी दहा ते दोन, असा चार तासांचा ब्लॉक मिळाला. तेवढ्या वेळात त्या रुळांवरून एकही गाडी जाणार नव्हती. सुट्टीचा दिवस असूनही काचेच्या इमारतींच्या खिडक्या माणसांनी भरून गेल्या होत्या. काही जण घरून मुलांना घेऊन आले होते. क्रेन धूर सोडत, खडखडत आली. तिच्यापुढे मालगाडीच्या उघड्या वाघिणीवर रुळांच्या दिशेने झोपवलेला गर्डर होता. तो वर उचलायचा, हवेत आडवा फिरवायचा आणि दोन खांबांच्या डोक्यांवर ठेवायचा. फिरताना त्याचं टोक आणि इमारतीची काच यांत जेमतेम दीड मीटर राहणार होतं.

आदल्या रात्री भाचीला झोप लागली नव्हती, पण आता तिच्या अंगात नुसती वीज खेळत होती. हातात वॉकी घेऊन ती या खांबाकडून त्या खांबाकडे पळत होती.

क्रेनचे पाय टेकवून, त्यांखाली लाकडी स्लीपर रचून होईपर्यंत बारा वाजले. साडेबाराला गर्डर वाघिणीवरून सुटला. खालून आठ माणसांनी चार दोर धरले होते आणि समोर उभा असलेला मुकादम हातांनी खुणा करत होता. गर्डर खांबांच्या उंचीला पोचला आणि फिरू लागला. तेवढ्यात दोन इमारतींच्या मधून वाऱ्याचा असा झोत आला, की दोर धरलेली दोन माणसं फरफटत गेली. गर्डर उलटा फिरला. त्याचं टोक काचेकडे निघालं. खिडकीतली माणसं एकदम मागे सरली.

मामांनी घाई केली नाही. हळूहळू तार सोडत त्यांनी गर्डर खाली घेतला आणि वाघिणीच्या वर वीतभर अंतरावर आणून धरला. दोर आखूड झाले, माणसांनी पाय रोवले, आणि तो थांबला.

"असल्या वाऱ्यात मी उचलणार नाही," वॉकीवर मामांचा आवाज आला.

एक वाजून पाच मिनिटांनी रेल्वेच्या कंट्रोलरचा भाचीला फोन आला. "एक्सप्रेस मागच्या स्टेशनात येऊन उभी राहील. एक पंचवीसपर्यंत निर्णय द्या, नाहीतर गर्डर बांधून क्रेन मागे घ्या. पुढचा ब्लॉक चार महिन्यांनी."

भाची क्रेनची शिडी चढून केबिनमध्ये गेली आणि मामांसमोर टॅब धरला. "मामा, आमच्या खांबांवर वारा मोजायची यंत्रं बसवली आहेत. वारा तिकडूनच येतोय. चार किलोमीटरवरच्या खांबाला झोत लागला, की तोच इथे सात-आठ मिनिटांनी पोचतो. सकाळपासून अकरा वेळा ताडून बघितलंय."

"म्हणजे तिकडे शांत झालं की इथे सात मिनिटं शांतता?"

"वाटेतला वारा जाऊ द्यायचा. तोवर तिकडे पुन्हा सुटला नाही, तर मग सात मिनिटं."

मामांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग झाडांच्या शेंड्यांकडे. "मला सहा लागतील. तू इथेच थांब आणि मोठ्याने आकडे सांग. चुकलीस तर गप्प बसू नकोस, चुकलं म्हणून सांग."

एक सोळाला लांबचा खांब शांत झाला. नंतर मधला. भाचीने कंट्रोलरला 'उचलतोय' एवढं कळवून फोन बंद केला. एक चोवीसला ती म्हणाली, "आता."

गर्डर वर निघाला. "एक मिनिट. सगळं शांत." मामांची नजर मुकादमाच्या हातावर होती. "दोन." गर्डर आडवा होऊ लागला. "तीन." त्याचं टोक काचेसमोरून सरकलं. आत एका बाईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. "चार. मामा, लांबच्या खांबाला परत लागला वारा."

"लागू दे. तो पोचायचाय अजून."

पाचव्या मिनिटाला गर्डर खांबांवर आला. मुकादमाने तळहात खाली केला, बोटं हलवली, आणखी थोडं, आणखी थोडं, आणि मूठ आवळली. ताणलेली तार ढिली पडली. वरच्या माणसांनी पिना ठोकल्या. नंतर झोत आला तेव्हा सगळ्यांच्या टोप्या उडाल्या, पण गर्डर केसभरही हलला नाही.

खिडक्यांतून टाळ्या वाजत होत्या. काचेआडून त्या ऐकू येत नव्हत्या, नुसते हात दिसत होते. भाचीला हसू आवरेना. तिने मामांचा ग्रीसने माखलेला हात घट्ट धरला. मामांनीही तो सोडवून घेतला नाही.

क्रेन बाजूच्या सायडिंगला गेली आणि दोन वाजून तीन मिनिटांनी एक्सप्रेसला सिग्नल मिळाला. तोवर मामा खांबाची शिडी चढून गर्डरवर पोचले होते. पट्टा नीट बांधा म्हणून भाची मागून ओरडत होती. चाळीस वर्षं त्यांनी ही लाईन रुळांच्या पातळीवरून पाहिली होती. गाडी पायांखालून धडधडत गेली, सगळे डबे, टपांवरची धूळ, शेवटच्या डब्यातल्या गार्डची हिरवी झेंडी. मामा वाकून बघत राहिले.

"वरून केवढी लांब दिसते गं," ते म्हणाले. मग त्यांनी पुढच्या, अजून मोकळ्या असलेल्या खांबांकडे बोट केलं. "तिकडचा गर्डर किती टनांचा?"