एकही गोळी न झाडलेली बंदूक

मी एक जुनी बंदूक आहे. माझ्यातून आजवर एकही गोळी सुटलेली नाही, कारण मित्रांनो, मी नखशिखांत लाकडाची आहे.

अमेरिकेत, अलाबामातल्या काळ्या मुलामुलींच्या कॉलेजात, गाडीच्या मोडक्या लाकडी आसापासून मला घडवले. कॅप्टन लेमुएल पेटिग्रू पलटणीतून परतून कॉलेजचे पहिले काळे अध्यक्ष झाले होते. कवायतीसाठी त्यांनी सरकारकडे बंदुका मागितल्या. उत्तरही आले नाही. मग माझ्यासारख्या साठ तयार झाल्या.

"साहेब, हिनं काय उंदीर मारायचे?" सुतारमास्तर अमोस हसले.

"खांद्यावर ताठ धरा. बाकीचं लांबून बघणारा मनानंच भरून घेतो."

एका शनिवारी कॅप्टन गणवेशात गावात गेले आणि गोऱ्यांना वाट द्यायला फुटपाथवरून खाली उतरले नाहीत. तेवढे निमित्त पुरले. दिवस मावळताना दोनशे माणसे रॉकेलचे डबे घेऊन टेकडी चढू लागली. वर वसतिगृहात एकतीस मुली होत्या.

"ओफेलियाबाई, पोरींना मागच्या दारानं ओढ्याकडे काढा," कॅप्टन शिक्षिकेला म्हणाले. मग लाकडी बंदुका घेतलेल्या मुलांची रांग लावून, मला खांद्यावर घेऊन ते पुढे उभे राहिले. अंधुक उजेडात जमाव थबकला. अर्धा तास कोणी पुढे येईना. मला वाटले, जिंकलो.

शेवटी कापूसगिरणीचा मालक क्रॉली पुढे आला. त्याने मला हिसकावले आणि वजन लागताच खदखदून हसला.

"अरे, ही तर खेळण्यातली! या रे सगळे!"

पहिला घाव त्याने मलाच वापरून घातला. कॅप्टनांचा जबडा मोडला. दुसऱ्या घावात डोळा गेला. तिसऱ्याला मी तडकले. ज्यांनी मला सांभाळले त्यांचेच रक्त माझ्या अंगावर उडाले, आणि मला ओरडताही आले नाही. मुलांवर काठ्या पडल्या, दोघे जागीच गेले. वसतिगृह पेटले. आत कोणी नव्हते.

सोमवारी झाडाखाली वर्ग भरला. एकतीस मुलींनी हजेरी दिली. दोन मुलांच्या नावांना कोणी ओ दिली नाही, तेव्हा कॅप्टनांनी बांधलेल्या जबड्याने ती पुन्हा वाचली.

"हिला चुलीत घालतो," अमोसमास्तर मला उचलून म्हणाले.

"नको," कॅप्टन म्हणाले. "ती आपल्याच रांगेत होती."

मित्रांनो, आज मी काचेच्या कपाटात आहे. धूळ जरूर पुसा, तेलही लावा. पण माझी भेग बुजवू नका. रांगेतल्या प्रत्येकाला त्या संध्याकाळी जखम झाली होती, आणि ही माझी आहे.