काचेतला निळा रंग

थेंबवाल्या सरांच्या दारातली रांग रस्ता ओलांडून पॅथॉलॉजिस्ट बाईंच्या पायरीपर्यंत आली, आणि बाईंचं पित्त खवळलं. लोक त्यांच्या पायरीवर टेकत, त्यांच्या नळाचं पाणी पीत, आणि रक्त मात्र समोर देत. सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बाईंची मान आखडली होती, पण "बाईंचा हात हलका" एवढंही कुणी कधी म्हटलं नव्हतं. काल आलेल्या या माणसाला मात्र सगळ्यांनी डोक्यावर घेतलं होतं.

सरांकडे काचेच्या पट्ट्या होत्या, केसाएवढ्या बारीक वाटा कोरलेल्या. त्यात बोटातल्या रक्ताचा एक थेंब सोडायचा आणि पट्टी टेबलावरच्या बंद पेटीवर ठेवायची. टोकाची खिडकी निळी झाली तर शरीर निर्मळ. लाल झाली तर कॅन्सरची चाहूल, आणि त्यावर सरांकडच्याच औषधाच्या विकतच्या पुड्या.

"रक्त हा अंतर्यामीचा साक्षीदार," सर डोळे मिटून सांगत. "पुण्यवान पेशी सरळ चालते, पापी पेशी वाट चुकते. गाठीत सुई नको, कापाकापी नको." ऐकणारे माना डोलवत. एक गृहस्थ तर पेटीला हात जोडून गेले.

हेही बाईंनी गिळलं असतं. पण त्यांच्या थोरल्या जाऊबाईंच्या छातीत गाठ होती. बाई सुईने तपासू म्हणाल्या, तर जाऊबाई समोरून निळी खिडकी घेऊन आल्या.

"सर म्हणाले, निर्मळ आहे."

"वहिनी, गाठ हाताला लागतेय."

"तुला त्यांचं बघवत नाही, म्हणून मला टोचायला निघालीस."

बाईंना झोंबलं, कारण खरंच बघवत नव्हतं. जाऊबाईंनी आजवर त्यांच्या हातच्या चहालासुद्धा बरं म्हटलं नव्हतं, आणि या गोडबोल्याचं नाव घेताना त्यांचा चेहरा उजळत होता.

"असेल तसं," बाई म्हणाल्या. "पण एकदा माझ्यासमोर करून घ्या."

सरांनी दोघींचं तोंड भरून स्वागत केलं, जाऊबाईंच्या बोटातला थेंब पट्टीत सोडला आणि ती पेटीवर ठेवली. बाई पट्टीवर वाकल्या, तशी पेटीची धग त्यांच्या गालाला लागली. थेंब निघाला, पहिल्या वळणावर मंदावला आणि तिथेच गोठला. बोटातून काढलेलं रक्त तसंच सोडलं तर गोठणारच. रक्त अर्ध्या वाटेत अडकलेलं, आणि टोकाची खिडकी मात्र झकास निळी.

"सर, साक्षीदार अजून वाटेतच आहे. मग साक्ष दिली कुणी?"

रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. "सूक्ष्म लहरी पुढे जातात, बाई," सर म्हणाले.

टेबलावर पट्ट्यांची दोन तबकं होती. बाईंनी दोन्हींतून एकेक कोरी पट्टी उचलली आणि रांगेतल्या एकाच्या वाफाळत्या चहाच्या कपाला टेकवली. एक खिडकी निळी झाली, दुसरी लाल. रक्ताचा टिपूसही नव्हता.

"खिडकीला उष्णतेने रंग बदलणारा लेप आहे, आणि पेटी आतून तापलेली," बाई म्हणाल्या. "पुड्या घेईल असा दिसला की त्याला लाल तबकातली पट्टी. बाकीच्यांना निळी, म्हणजे ते फुकट गुण गात फिरतात."

"बाई, तुमच्या पोटात दुखतंय," एक मास्तर म्हणाले.

"दुखतंयच. ही रांग माझ्या दारात असती तर मला आवडलं असतं. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नका. चहाला कुणाचा हेवा वाटत नाही. कोरी पट्टी घ्या आणि स्वतः बघा. रक्तातून रोग लवकर हेरायला अशा काचा खरे संशोधकही बनवताहेत. पण आपली काच किती वेळा चुकते ते मोजून सगळ्यांना सांगतात. जो म्हणतो माझं कधी चुकतच नाही, त्याला आधी तपासा."

कप हातोहात फिरू लागला. सर पेटी आवरू लागले. जाऊबाई आपली पट्टी हातात घेऊन गोठलेल्या थेंबाकडे बघत उभ्या होत्या.

"मनातून कळत होतं गं," त्या हळूच म्हणाल्या. "पण मला निळंच हवं होतं. तू कधी त्यांच्यासारखं गोड बोलतेस का?"

"नाही बोलत," बाई म्हणाल्या. "सुई दुखेल, वहिनी. आणि जे निघेल तेच मी सांगेन."

जाऊबाईंनी पट्टी टेबलावर ठेवली.

"दुखू दे. चल."