चादरवाल्या मावशींची लेक

“दवाखान्याच्या दारातून परत फिरताना तुमची लेक काय म्हणाली होती?” फिल्ममध्ये लेकीचं काम करणाऱ्या नटीने विचारलं.

चादरवाल्या मावशींनी ओली चादर पिळता पिळता तिच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. “काय म्हणणार? किंचाळत होती.”

लॉजच्या चादरी धुण्यात मावशींचा जन्म गेला होता. गोड बोलणाऱ्यांचे डाग सहजी निघत नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. गरीब बायकांच्या बाळंतपणावर फिल्म काढणारी मंडळी दारात आली, तेव्हाच त्यांच्या मनात पाल चुकचुकली. मेलेल्या लेकीची इतक्या वर्षांनी कुणाला आठवण कशी झाली? दवाखान्यानेच पाठवलं असेल, तोंडातून शब्द काढून घ्यायला. जावई म्हणाला, होऊन जाऊ दे, निदान लोकांना कळेल तरी. मावशी हो म्हणाल्या, पण खरं ते पोटातच ठेवलं.

शूटिंगला एका बंद शाळेच्या फाटकावर दवाखान्याची पाटी लावली होती. पहारेकरी झालेल्या नटाने खाट रिकामी नाही म्हणत फाटक लोटलं, आणि नटी अशी किंचाळली की रस्त्यावरची माणसं थबकली. दिग्दर्शकबाईंनी खुशीत मान डोलावली. मावशींनी मात्र नजर वळवली. लेकीचं हे सोंग. आणि ते शिकवलं कुणी, तर आपणच.

“ती किंचाळली नव्हती,” त्या म्हणाल्या.

सगळे वळून बघू लागले. मावशींनी मग अडखळत सांगितलं. त्या स्वतः पहारेकऱ्याच्या पाया पडत होत्या, ते लेकीला बघवेना. तिने आईची बाही धरली. म्हणाली, “आई, चल घरी. मला बरं वाटतंय आता.”

घर येण्याआधी रिक्षातच सगळं संपलं. दवाखान्याने हात झटकले. बाई आपल्या पायांनी निघून गेली म्हणाले.

“हे ऐकून लोक तिलाच बोल लावतील,” मावशी म्हणाल्या. “तुम्हीही तसंच दाखवणार ना?”

दिग्दर्शकबाई म्हणाल्या, “तुम्ही पाया पडताय, तेही दाखवीन.”

मावशींचा विश्वास बसला नाही. तरी त्या कॅमेऱ्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. नटी ते वाक्य हळूच म्हणाली. मावशींनी नजर वळवली नाही.

काम आटोपल्यावर नटी पाठीमागे हात नेऊन पोटावर बांधलेल्या उशीची गाठ सोडू लागली. गाठ सुटेना. “थांब, पोरी,” म्हणत मावशी पुढे झाल्या. त्यांनी गाठ सोडली, उशी दोन्ही हातांवर अलगद उतरवून घेतली, आणि कुठे ठेवावी ते न सुचून तशाच छातीशी धरून उभ्या राहिल्या.