दातांच्या डॉक्टरीणबाईंचा पंप

मित्रांनो, हल्ली मी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, मोज्यांच्या मागे असतो. बॅटरी पहिल्यासारखी टिकत नाही, झाकणाला चीर गेली आहे. पण एके काळी मी रोज कामावर जात होतो, तेही एका डॉक्टरीणबाईंच्या कपड्यांच्या आत बसून. हसा, हसून घ्या. मी आईचं दूध काढायचा पंप आहे. वाटीएवढा. ना नळी, ना वायर. मला अंगावर बसवलं की दोन्ही हात मोकळे.

आमच्या बाई दातांच्या डॉक्टर. मुलगी चार महिन्यांची झाली आणि दवाखाना पुन्हा उघडायची वेळ आली. मुलीला पावडरचं दूध देऊन पाहिलं, तर ती ते गालात साठवून नेम धरून आजीच्या अंगावर उडवायची. म्हणजे दूध आईचंच हवं, आणि आई दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात हात घालून बसलेली.

मला निवडताना घरात तीन दिवस खल झाला. नवऱ्यानं तक्ता केला. वजन, बॅटरी, आवाज, रंगसुद्धा.

"याचा आवाज म्हणे वाचनालयाइतका."

"कुठल्या वाचनालयाइतका?" सासूबाईंनी विचारलं. "आमच्या वाचनालयात दोघं घोरायचे."

शेवटी मीच जिंकलो. मोठ्या टेचात घरी आलो. खोक्यात माझ्याबरोबर अंगाला लावायचं सिलिकॉनचं नरसाळं होतं आणि एका पुडीत नरसाळ्याचं तोंड लहान करायच्या तीन रिंगा. पुडी कुणी फोडलीच नाही.

कामाच्या पहिल्याच दिवशी खुर्चीत एक निवृत्त हेडमास्तर होते. बाईंनी मला चालू केलं. मी गुरगुरलो.

"डॉक्टर, भूल चढली नाहीये अजून. ड्रिल बंद करा."

"ड्रिल हातात घेतलेलंच नाही, सर."

"मग वाजतंय काय?"

"पंप आहे," मदतनीस मावशी म्हणाल्या. "पाण्याचा."

मग बाई अक्कलदाढ बघायला वाकल्या. आता पोटात दूध असताना मला वाकवू नये, हे माझ्या माहितीपुस्तकात अकराव्या पानावर छापलंय. अकरावं पान कोण वाचतं? हेडमास्तरांच्या चष्म्यावर टपकन थेंब पडला.

"छत गळतंय," ते आ वासूनच म्हणाले. मावशींनी वर बघून गंभीरपणे मान हलवली. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांच्या तक्रारीवरून प्लंबर आला. त्यानं छत ठोकून पाहिलं, काहीच सापडेना, तेव्हा स्वतःची अब्रू राखायला एक धडधाकट पाईप बदलून गेला.

हे हसण्यावारी गेलं. पण त्या दिवसाचं दूध बाटलीत ओतलं तर बाटलीचं बूडही नीट झाकलं नाही. रोज दुपारी आजीनं आदल्या दिवशीचं दूध पाजलं की मुलगी एका दमात संपवायची, रिकामी बाटली चोखत राहायची आणि मग रडायची. बाईंनाही माझ्यामुळे रोज दुखत होतं. आठ दिवस असेच गेले. नवव्या दिवशी बाई मावशींना म्हणाल्या, "माझंच दूध कमी पडतंय. वर्षभर दवाखाना बंद करते."

मी तर पुरा जोर लावत होतो. पण सांगणार कसं? मला फक्त गुरगुरता येतं.

मावशी तेव्हा मला धूत होत्या. त्यांनी नरसाळं उजेडात धरलं.

"बाई, लोकांच्या दाताची टोपी तुम्ही केसभर फरक पडला तर परत पाठवता. स्वतःचं माप घेतलंत?"

"माप कसलं? खोक्यातून आलं तसंच लावलंय."

"खोक्याला काय माहीत तुम्ही केवढ्या."

बाई उठल्या. दात मोजायची पट्टी घेऊन आत गेल्या. नरसाळ्याचं तोंड होतं चोवीस मिलिमीटरचं, स्तनाग्राच्या मापानं त्यांना लागत होतं एकोणीसचं. पाच मिलिमीटरपायी दवाखाना बंद होणार होता. एवढ्या फरकाची टोपी पेशंटला बसवली असती, तर बिचाऱ्याला तोंड मिटता आलं नसतं.

पुडी फोडली. एकोणीसची रिंग बसली. दुखणं थांबलं. वाकायचं काम असलं की मला आधी काढून ठेवायचं आणि ताठ बसून दातांचे साचे घासताना लावायचं, हेही ठरलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी आला तर त्याची बॅटरी आणि रंग नंतर बघा. आधी त्या आईला विचारा, दुखतंय का. आम्हाला दर वेळी स्वच्छ धुवा. आणि वापरलेला पंप दुसरीला देऊ नका. आपला टूथब्रश देता का कुणाला?

रिंग बदलली त्याच्या चौथ्या दिवशीची गोष्ट सांगतो. दुपारच्या सुट्टीत बाई मला अंगावर घेऊनच घरी धावत आल्या. मुलगी आजीच्या मांडीवर होती. बाटली अजून तोंडाशी होती, पण तिनं मान फिरवली आणि झोपून गेली. सासूबाईंनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली.

"अगं, उरलं."

बाई अ‍ॅप्रनसकट खाली फरशीवरच बसल्या.

"परत सांगा," त्या म्हणाल्या.

"दोन चमचे असेल," सासूबाई म्हणाल्या. "उरलं."